पिंपाचा भाव, भागधारकाचा वाटा

आखातात तणाव वाढला, होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव बातम्यांत यायला लागलं, की आपल्याकडे एक प्रश्न हमखास कानावर येतो : "आता ओएनजीसी घेऊन ठेवू का?" विचारणारे नाना तऱ्हेचे असतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी नुकतंच नोकरीला लागलेलं, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर बसून मोबाइलवर भाव पाहणारं. मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती ४ कोटींच्या आसपास होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती १० कोटींच्या पुढे गेली. राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेल्या गुंतवणूकदारांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. हौसेने, स्वतःच्या पैशाने, कुणा तज्ज्ञाचा हात न धरता शेअर घेणारी ही माणसं तेल काढणाऱ्या कंपनीकडे कशी पाहतात, हे गेली काही वर्षं मी लक्ष देऊन ऐकतो आहे. त्यांच्या प्रत्येक मतात काही ना काही खरं असतं. पण बहुतेक मतं एका प्रश्नाला वळसा घालून जातात : तेल महाग झाल्यावर जो जादा पैसा येतो, तो शेवटी जातो कुणाकडे?

ओएनजीसी ही मराठी माणसाला परकी कंपनी नाही. तिची मुळं देहरादूनची, स्थापना १९५६ ची. पण तिचं नशीब उघडलं ते मुंबईच्या समुद्रात. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधून काढलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेव्हापासून उरणचा प्रकल्प, पनवेलची वसाहत, जुहूहून प्लॅटफॉर्मकडे उडणारी हेलिकॉप्टरं, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशी पाळी करणारी माणसं हे सगळं इथल्या ओळखीचं आहे. या कंपनीचा शेअर घेताना अनेकांच्या मनात हिशेबाबरोबर थोडी आपुलकीही असते. ते स्वाभाविक आहे. मात्र आपुलकीने घेतलेल्या शेअरचं पुस्तक उघडून पाहायचा लोकांना कंटाळा येतो, हेही मी पाहिलं आहे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं मत अगदी सरळ आहे. तेल वाढलं की तेल काढणाऱ्याचा फायदा वाढतो, फायदा वाढला की शेअर वाढतो. जमिनीतून पिंप काढायचा खर्च फारसा बदलत नाही, विक्रीचा भाव मात्र जगाच्या बाजारात ठरतो, तेव्हा वरची सगळी वाढ नफ्यात पडणार. तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या खासगी उत्पादकाला तो बराचसा लागूही पडतो. भारतात तो किती लागू पडला, ते दोन वर्षं शेजारी ठेवून पाहावं.

२०१३-१४ मध्ये ओएनजीसीच्या कच्च्या तेलाचा ढोबळ भाव पिंपाला १०६ डॉलरच्या वर होता. कंपनीच्या हाती त्यातले पडले सुमारे ४१ डॉलर. उरलेले कुठे गेले? त्या काळी डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅस सरकारने ठरवलेल्या, खर्चापेक्षा कमी भावाने विकला जात असे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमला त्यात जो तोटा येई, त्याचा काही भाग सरकार अर्थसंकल्पातून देई आणि काही भाग ओएनजीसी, ऑइल इंडिया आणि गेलवर टाकला जाई. ओएनजीसीने तो कच्च्या तेलावर सूट देऊन भरायचा. त्या एका वर्षात तिने दिलेली सूट ५६,३८४ कोटी रुपयांची होती. पुढे तेल कोसळलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव खुले झाले आणि सूट देणं थांबलं. २०१६-१७ मध्ये बाजारात तेल पन्नास डॉलरच्या आसपास होतं आणि कंपनीच्या हातीही जवळपास तेवढेच पडले. म्हणजे तेल निम्म्याहून स्वस्त झालं त्या वर्षी कंपनीला पिंपामागे जास्त पैसे मिळाले. 'तेल वाढलं की घ्यायचा' हे सूत्र धरून २०११ ते २०१४ या काळात खरेदी केलेल्यांना हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ते १०६ डॉलरकडे बघत होते. त्यांच्या कंपनीचं दुकान ४१ वर चालू होतं.

ही जुनी गोष्ट झाली, आता तसं होत नाही, असं २०२२ च्या सुरुवातीला खात्रीने सांगितलं जात होतं. रशिया-युक्रेन युद्धामुळे त्या मार्चमध्ये ब्रेंटने काही काळ १३० डॉलरचा टप्पा ओलांडला. ओएनजीसीने २०२१-२२ साठी ४०,३०६ कोटींचा नफा जाहीर केला, तोवरचा तिचा विक्रम. आणि १ जुलै २०२२ ला सरकारने देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपयांचा विशेष कर बसवला. एका टनात साधारण सव्वासात पिंपं धरली आणि त्या वेळचा डॉलर धरला, तर पिंपामागे हे चाळीस डॉलर होतात. शेअर एका दिवसात १३ टक्क्यांच्या आसपास पडला. नंतर दर पंधरवड्याला हा कर खालीवर होत राहिला. तेल वाढलं की कर वाढायचा, तेल उतरलं की कर उतरायचा. डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द झाला, तोपर्यंत तेल बरंच थंडावलं होतं. भाव खाली गेला तर सोसायचं कंपनीने, वर गेला तर ठरावीक पातळीच्या पुढचं सरकारजमा, असा त्या अडीच वर्षांचा व्यवहार होता.

याचा राग येणारे गुंतवणूकदार मला भेटतात. "आमच्या कंपनीचे पैसे सरकारने लुटले," असंच त्यांचं बोलणं असतं. मला त्यांचं नुकसान दिसतं, पण हा शब्द मला पटत नाही. राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार भारताच्या सागरी हद्दीतली, समुद्राखालची खनिजसंपत्ती केंद्र सरकारकडे निहित आहे. मुंबई हायच्या खडकातलं तेल भागधारकांचं नव्हतंच कधी. भागधारकाच्या मालकीचा आहे तो ते तेल बाहेर काढणाऱ्या कंपनीतला एक छोटा वाटा. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. जगात भाव भडकला की इथे गॅस सिलिंडरपासून भाजीच्या ट्रकपर्यंत सगळ्यांना झळ लागते. अशा देशात एखाद्या उत्पादकाला अनपेक्षित घबाड मिळालं, तर कुठलंही सरकार त्यातला मोठा भाग काढून घेणार. हे चूक की बरोबर यावर वाद घालावा. पण शेअर घेताना ते गृहीत धरलंच पाहिजे. गेल्या वीस वर्षांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली आणि वागली मात्र याच रीतीने.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ओएनजीसीमधून सरकारकडे पैसा तीन वाटांनी जातो. पहिली वाट रॉयल्टी आणि उपकराची. २०१६ पासून कच्च्या तेलावरचा उपकर भावाच्या २० टक्के आहे, आणि तो नफ्याच्या आधीच कापला जातो. दुसरी वाट अशा विशेष करांची किंवा पूर्वीच्या सुटीची. तिसरी लाभांशाची. सरकारचा हिस्सा ५८.८९ टक्के आहे. पहिल्या दोन वाटांनी गेलेल्या रुपयात लहान भागधारकाला काही मिळत नाही. तिसऱ्या वाटेने सरकारला रुपया घ्यायचा असेल, तर तेवढाच रुपया दर शेअरमागे त्यालाही द्यावा लागतो. एकाच मालकाशी आपलं हित कुठे जुळतं आणि कुठे तुटतं, हे या तीन वाटांवरून कळतं. शेअर चांगला की वाईट हा प्रश्न मला यामुळे अपुरा वाटतो. सरकार पुढची काही वर्षं यातल्या कुठल्या वाटेने पैसा नेईल, हा खरा प्रश्न आहे.

लाभांशावर भिस्त ठेवणाऱ्यांना हे नेमक्या शब्दांत सांगता आलं नाही, तरी अंगाने कळलेलं असतं. हा वर्ग बहुतेक वयस्कर आहे. त्यांना रोजचा भाव नको असतो; बँकेत जमा होणारी रक्कम हवी असते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत ओएनजीसीने दर शेअरला एकूण १२ रुपये २५ पैसे दिले. २०२५ मध्ये शेअर बराच काळ सव्वादोनशे ते अडीचशेच्या पट्ट्यात होता, तेव्हा लाभांशाचं उत्पन्न पाच टक्क्यांच्या आसपास पडतं. मुदत ठेवीपेक्षा कमी, पण वर शेअर वाढण्याची आशा. केंद्राच्या उपक्रमांनी नफ्याचा किमान ३० टक्के भाग किंवा नक्त मूल्याचा ठरावीक टक्का, यातला जो आकडा मोठा तो लाभांश म्हणून द्यावा, असा सरकारचाच दंडक आहे. सरकारला तुटीच्या काळात पैसा लागतो, म्हणून लाभांश चुकत नाही, हा या मंडळींचा विश्वास आहे आणि तो बराचसा खरा ठरला आहे.

माझ्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांनी मार्च २००४ च्या विक्रीत अर्ज केला होता. त्या वेळी सरकारने आपला दहा टक्के हिस्सा जनतेला विकला, भाव ७५० रुपये ठरला, लहान गुंतवणूकदाराला त्यात पाच टक्के सवलत होती. सरकारी तिजोरीत दहा हजार कोटींहून अधिक जमा झाले. गृहस्थ आजही तो कागद काढून हिशेब मांडतात. २००६ मध्ये दोनास एक बोनस, म्हणजे एकाचे दीड. २०११ मध्ये दहा रुपयांचा शेअर पाचाचा झाला आणि एकास एक बोनसही मिळाला, दीडाचे सहा. २०१६ मध्ये पुन्हा दोनास एक; सहाचे नऊ. नऊ शेअरना सव्वाबारा रुपयांप्रमाणे वर्षाला ११० रुपये २५ पैसे. सवलतीने त्यांनी दिले होते ७१२ रुपये ५० पैसे. "पंधरा टक्के व्याज सुटतंय दरवर्षी, आणखी काय पाहिजे?" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते खोटं नाही. त्यांनी शेअर विकला नाही, उधारीने घेतला नाही, घाबरले नाहीत, आणि त्याचं फळ त्यांना मिळालं.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण हेच उदाहरण ऐकून पुढची पिढी शेअर घेते. ७५० ला नऊने भागलं की आजच्या भाषेत खरेदी पडते ८३ रुपयांना. एकवीस वर्षांनी शेअर २४० च्या आसपास, म्हणजे जेमतेम तिप्पट. मार्च २००४ मध्ये सेन्सेक्स साडेपाच हजारांच्या घरात होता आणि २०२५ मध्ये ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे चौदापट. ओएनजीसीने या काळात लाभांश भरपूर दिला हे खरं, तरीही एवढं अंतर त्याने भरून निघत नाही. मूळ खरेदीवर आज किती टक्के मिळतात, या आकड्याने मन सुखावतं; तेच पैसे दुसरीकडे असते तर काय झालं असतं, हे त्यातून दिसत नाही. शिवाय २०२० च्या अर्थसंकल्पानंतर लाभांश भागधारकाच्या हाती करपात्र झाला. ज्यांचं उत्पन्न वरच्या टप्प्यात आहे, त्यांच्या पाच टक्क्यांचे साडेतीन उरतात. निवृत्ताचा आणि तिशीतल्या पगारदाराचा हिशेब इथे वेगळा होतो, पण सल्ला मात्र सर्रास एकच दिला जातो.

'स्वस्त आहे' हे मत याच्या जवळच राहतं. ज्याला किंमत-उत्पन्न गुणोत्तर काढता येऊ लागलं आहे, अशा नव्या अभ्यासूचं ते आवडतं मत. बाजार वीस-बावीस पटीत चालला आहे आणि हा शेअर सात-आठ पटीत मिळतो, म्हणजे बाजाराला कळत नाही आणि मला कळलं, असा त्यात आनंद असतो. शेअर स्वस्त का राहतो, याची कारणं मात्र उघड आहेत. विहीर आटते. साबण किंवा रंग बनवणारी कंपनी यंदा विकलेला माल पुढच्या वर्षी पुन्हा बनवते. तेल काढणारी कंपनी आज विकलेलं पिंप पुन्हा काढू शकत नाही, तिला दुसरं शोधावं लागतं. मुंबई हायमधून १९८० च्या दशकाच्या मध्यात दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपं निघत. २०२४ मध्ये हा आकडा एक लाख तीस हजारांच्या घरात होता. कंपनीच्या देशांतर्गत स्वतःच्या क्षेत्रांतलं कच्चं तेल २०१०-११ मध्ये सुमारे २ कोटी ४० लाख टन होतं, ते २०२४-२५ मध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख टनांवर आलं. नफ्यातला मोठा भाग नवीन विहिरी खोदण्यात आणि जुन्या क्षेत्रांची घसरण थोपवण्यात जातो. खोदलेली विहीर कोरडी निघाली तर तो खर्च नफ्यातून वजा होतो. म्हणून इथल्या सात पटीची तुलना साबणवाल्याच्या पन्नास पटीशी करता येत नाही.

दुसरं कारण नफ्याच्या वापराचं, आणि माझ्या मते याची चर्चा फार कमी होते. ऑगस्ट २०१७ मध्ये ओएनजीसीने गुजरात सरकारच्या जीएसपीसीकडून कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दीनदयाळ क्षेत्राचा ८० टक्के हिस्सा ७,७३८ कोटींना घेतला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारचा हिंदुस्तान पेट्रोलियममधला ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना घेतला. त्यासाठी कर्ज काढावं लागलं. त्याआधी कंपनीच्या डोक्यावर जवळजवळ कर्ज नव्हतं. त्या वर्षी निर्गुंतवणुकीचं सरकारी उद्दिष्ट पूर्ण होण्यात या एका व्यवहाराचा मोठा वाटा होता. तेल काढणाऱ्या कंपनीचा शेअर घेतलेल्या माणसाच्या हाती त्यामुळे आपोआप पेट्रोलपंपांची कंपनीही आली, आणि ती बरोबर उलट्या वाऱ्यावर चालते. तेल भडकलं आणि पंपावरचे भाव गोठले, तर तिला तोटा. २०२२-२३ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमला ८,९७४ कोटींचा तोटा झाला तो असाच. 'तेल वाढणार म्हणून ओएनजीसी' म्हणणाऱ्याने एकत्रित ताळेबंद उघडला, तर एका हातातलं दुसऱ्या हातातून जाताना दिसेल. पैसा कुठे गुंतवायचा हे मोठा मालक ठरवतो आणि त्याची गरज लहान मालकाच्या गरजेहून वेगळी असू शकते, ही जोखीम बाजाराने भावात कायमची धरून ठेवली आहे. तिला बाजाराचा आंधळेपणा म्हणणं धोक्याचं आहे.

मग खासगी उत्पादक बरा, असं म्हणणारेही आहेत. केर्न इंडियाचा अनुभव त्यांनी आठवून पाहावा. राजस्थानात बाडमेरजवळ २००४ मध्ये मंगला क्षेत्र सापडलं, डिसेंबर २००६ मध्ये १६० रुपयांनी शेअर विक्रीला आला, २००९ मध्ये तेल वाहू लागलं. क्षेत्र उत्तम, खर्च कमी. २०११ मध्ये कंपनी वेदांता समूहाकडे गेली. २०१४ मध्ये केर्न इंडियाने समूहातल्याच एका कंपनीला सव्वा अब्ज डॉलरचं कर्ज दिल्याचं बाहेर आलं तेव्हा लहान भागधारक अस्वस्थ झाले, शेअर पडला. २०१७ मध्ये कंपनी वेदांतात विलीन झाली आणि केर्नच्या एका शेअरमागे वेदांताचा एक शेअर व चार प्रेफरन्स शेअर मिळाले. तेलासाठी आलेला माणूस जस्त, ॲल्युमिनियम आणि लोहखनिजाचा भागीदार झाला. रिलायन्सच्या केजी-डी६ या वायुक्षेत्राकडे पाहून २००९-१० मध्ये शेअर घेतलेल्यांनी तर भूगर्भाचाच फटका अनुभवला; दिवसाला सहा कोटी घनमीटरपर्यंत चढलेला गॅस काही वर्षांत कोसळला. दुलियाजानच्या ऑइल इंडियाने मात्र वेगळं फळ दिलं : सप्टेंबर २००९ मध्ये १,०५० रुपयांनी घेतलेल्या एका शेअरचे चार बोनसनंतर २०२४ मध्ये साडेसात झाले. मालक तोच, कर तेच, तरी परतावा वेगळा. तेव्हा 'सरकारी म्हणजे वाईट, खासगी म्हणजे चांगलं' अशी सोपी वाटणी इथे चालत नाही.

तेल आणि तेल कंपनी यांची गल्लत करणाऱ्यांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण यात माणसं उद्ध्वस्त झाली आहेत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी होती, जगभर टाक्या भरल्या होत्या, तेल घ्यायला कुणी नव्हतं. 'तेल आणखी किती पडणार?' असं म्हणत कित्येकांनी एमसीएक्स या वायदेबाजारात कच्च्या तेलाचे सौदे घेतले. टाळेबंदीमुळे तिथलं कामकाज संध्याकाळी पाचला बंद होत होतं. २० एप्रिलला पाच वाजता शेवटचा भाव होता ९६५ रुपये पिंप. त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये मे महिन्याचा सौदा शून्याच्या खाली गेला आणि उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. इथले व्यवहार त्याच भावाशी बांधलेले. एमसीएक्सने हिशेब केला उणे २,८८४ रुपयांनी. एक लॉट शंभर पिंपांचा. पाच वाजता ज्याच्याकडे एक लॉट खरेदीत होता, त्याच्या डोक्यावर दुसऱ्या दिवशी ३ लाख ८४ हजार ९०० रुपयांचा तोटा आला, आणि मधल्या वेळात विकून बाहेर पडायची सोयच नव्हती. भाव शून्याखाली जाऊ शकतो, ही कल्पना कुणाच्या स्वप्नातही नव्हती. दलालांनी मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं.

त्याच वसंतात ज्यांनी सौद्याऐवजी शेअर घेतला, त्यांचा अनुभव पूर्ण वेगळा आहे. मार्च २०२० मध्ये ओएनजीसी साठ रुपयांच्याही खाली उतरला होता. मार्च २०२२ मध्ये सरकारने आपला दीड टक्का हिस्सा विकायला काढला तेव्हा किमान भाव ठेवला होता १५९. शेअरचा तोटा गुंतवलेल्या रकमेपुरता असतो आणि त्याला मुदत नसते. सौद्याला दोन्ही गोष्टी लागू नाहीत. तरीही आजसुद्धा युद्धाची बातमी आली की ऑप्शनमध्ये शिरणारी तरुण मुलं दिसतात आणि जीव कासावीस होतो. त्यांना तेलाबद्दलचं मत असतं, आणि ते बरोबरही ठरतं कधीकधी; पण मत बरोबर ठरेपर्यंत टिकून राहण्याची ताकद त्या साधनात नसते.

विजेच्या गाड्या आल्या, आता तेलात पैसे घालू नयेत, हे मत पंचविशीतल्यांत जोर धरून आहे. माझं म्हणणं एवढंच, की भारतात तेलाची मागणी अजून वाढते आहे आणि ओएनजीसीचा बराच धंदा नैसर्गिक वायूचा आहे. एप्रिल २०२३ पासून तिच्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव कच्च्या तेलाच्या भारतीय सरासरी भावाच्या दहा टक्के ठरतो, पण त्याला खालून ४ डॉलरचा आधार आणि वरून साडेसहा डॉलरची मर्यादा होती. वरची मर्यादा एप्रिल २०२५ पासून पाव डॉलरने वाढून पावणेसातवर गेली. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हाच भाव १.७९ डॉलरवर होता, तेव्हा काढायचा खर्चही निघत नव्हता. पुढच्या दहा वर्षांच्या नफ्यावर या मर्यादेचा परिणाम विजेच्या गाड्यांपेक्षा जास्त होईल, असं मला वाटतं.

एका गोष्टीविषयी गुंतवणूकदारांच्या बोलण्यात जवळजवळ काहीच येत नाही, ती म्हणजे समुद्रातली जोखीम. २७ जुलै २००५ ला, मुंबई पुरात बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला मदतीचं जहाज धडकलं, आग लागली आणि काही तासांत प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. २२ जणांचा जीव गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. त्यातले बहुतेक कंत्राटी कामगार. उरण-पनवेलच्या घरांत शेअरचा विषय निघाला की आधी याबद्दल बोललं जातं, नफ्याबद्दल नंतर. मला त्यांचा क्रम योग्य वाटतो. आपला लाभांश ज्या कामातून येतो, ते काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेवर कंपनी आणि तिचे कंत्राटदार काय खर्च करतात, हे विचारणं भागधारकाचं कर्तव्यच आहे. ते हिशेबाचंही शहाणपण आहे, कारण प्लॅटफॉर्म गेला की उत्पादनही जातं.

मग हौशी माणसाने पाहावं तरी काय? भाकितं सोडून द्यावीत. तिमाही निकालात पिंपामागे प्रत्यक्ष हाती किती पडले, हा आकडा कंपनी देते; तो बाजारभावाशेजारी लिहून ठेवावा. वर्षाकाठी जेवढं काढलं तेवढे नवे साठे नोंदले गेले का, ते वार्षिक अहवालात असतं. आणि नवा मोठा पैसा कुठे चालला आहे, विहिरींत की दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या खरेदीत, यावर डोळा ठेवावा. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातलं ९८/२ हे क्षेत्र जानेवारी २०२४ मध्ये तेल देऊ लागलं तेव्हा दिवसाला ४५ हजार पिंपांचा शिखराचा आकडा सांगितला गेला होता. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या मागेच राहिलं.

आता सगळ्यांचं लक्ष पुन्हा मुंबई हायवर आहे. २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीने या क्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार नेमलं. पहिली दोन वर्षं ठरावीक शुल्क, पुढे वाढीव उत्पादनाच्या महसुलातून मोबदला, असा करार आहे. तेल आणि वायू मिळून आधाररेषेच्या वर ६० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते, असा बीपीचा अंदाज आहे. आधाररेषा स्वतःच दरवर्षी उतरती धरलेली असते, हे लक्षात न घेता 'साठ टक्के वाढणार' असं अनेकांनी एकमेकांना सांगितलं आणि शेअर घेतला. उत्पादनाचे महिन्याचे आकडे पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष प्रसिद्ध करतो. ते फुकट मिळतात आणि कुणालाही वाचता येतात. त्यातली ओएनजीसीच्या पश्चिम समुद्रातल्या तेलाची ओळ येत्या दोन-तीन वर्षांत वर वळते का, यावर या शेअरबद्दलचं माझं मत बदलेल. एकदा वळली, तर ती वाढ सरकार तीनपैकी कुठल्या वाटेने वाटून घेतं, हे त्यानंतर पाहायचं.